माझे हप्ते कोणी भरले?

मित्रांनो, मी एक जुनी वॉशिंग मशीन आहे. झाकणावर रद्दीचा गठ्ठा, त्यावर बुटांचं खोकं आणि सगळ्यात वर कुणीतरी काढून टाकलेलं हेल्मेट, असा माझा सध्याचा थाट आहे. मला पाहून कुणालाही वाटेल, बिघडली असेल बिचारी. मुळीच नाही! माझी मोटर ठणठणीत आहे, नळी शाबूत आहे, आणि या क्षणी कुणी बटण दाबलं तर जाडजूड चादरीसुद्धा मी हसत हसत धुऊन देईन. पण बटण कुणी दाबत नाही. का दाबत नाही, तेच सांगायला बसले आहे. बसले म्हणायची आपली एक पद्धत, नाहीतर मी जन्मभर उभीच आहे.

माझा जन्म एका लांबलचक कारखान्यात झाला. पत्रा वाकवला, रंग दिला, पोटात पिंप बसवलं, खाली मोटर लावली. माझी तपासणी एका चष्मेवाल्या बाईंनी केली. प्रत्येक मशीन चालू करून त्या तिच्या अंगाला कान लावायच्या. माझा आवाज ऐकून त्या शेजारच्या माणसाला म्हणाल्या, "ही जरा बोलकी आहे. पण वर्षानुवर्षं चालेल." दोन्ही गोष्टी खऱ्या निघाल्या.

तिथून मी एका दुकानात आले. दुकानदारकाकांचा एक नियम होता. रोख देणारं गिऱ्हाईक आलं की ते चहा मागवायचे, हप्त्यावर घेणारं आलं की नुसतं पाणी. मला घ्यायला आलेल्या मुलीला पाणीच मिळालं. अंगाने बारीक, बोलण्यात घाई, आणि पाय काही एका जागी ठरत नव्हते. तिने रांगेतल्या एकेका मशीनचं झाकण उघडून आत डोकं घातलं. माझ्यात डोकं घालून ती जोरात "ओ!" म्हणाली. माझ्या पोटातून तिचाच आवाज परत आला तेव्हा ती हसली आणि म्हणाली, "काका, हीच." हप्त्यांच्या कागदावर तिने स्वतःच्या नावाची सही केली. घरी तिला सगळे भिंगरी म्हणत, म्हणून मीही तेच म्हणेन.

आता भिंगरीला मशीन का घ्यावीशी वाटली, ते ऐका. हे मी घरात येण्याआधीचं आहे, पण तिच्या आईने शेजारणीला ते इतक्यांदा सांगितलं की मला तोंडपाठ झालं. भिंगरी रसायनशास्त्र शिकली, पदवी घेऊन घरी परतली आणि तिला एका प्रयोगशाळेत काम लागलं. प्रयोगशाळा म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर रंगीत धूर येत असेल. तसलं काही नव्हतं. तिथे माणसांचे खोटे दात बनवत. डॉक्टरकडून तोंडाचा ठसा आला की त्यात प्लास्टर ओतायचं, मेणाचे दात लावून पाहायचे, मग पक्के दात करायचे. भिंगरीला ते काम मनापासून आवडलं. पहिला पगार झाला तेव्हा तिने पाकीट तसंच नेऊन बाबांपुढे ठेवलं.

बाबा पुठ्ठ्याची खोकी बनवणाऱ्या कारखान्यात सुपरवायझर होते. माणूस सरळ, पण स्वाभिमान नाकाच्या शेंड्यावर. त्यांनी पाकीट बोटानेच परत सरकवलं.

"मुलांकडून पैसे घ्यायला मी काय खाणावळ उघडलीय? घरात राहून कमावतेस ना, मग घरातलं एक ओझं उचल. एकच उचल, पण पूर्ण उचल. दादाने वीज उचललीय, तू तुझं ठरव."

या घराची रीतच तशी होती. पैसा हातावर ठेवायचा नाही, काम अंगावर घ्यायचं. भिंगरीचा मोठा भाऊ, म्हणजे दादा, एका कुरिअरच्या कचेरीत हिशेब लिहायचा. विजेचं बिल त्याच्याकडे होतं. भिंगरीने घरभर नजर फिरवली. आई तेव्हा मोरीत बसून बाबांचे डाग पडलेले शर्ट घासत होती आणि तिची बोटं सुजून लाल झाली होती. भिंगरी म्हणाली, "धुणं माझं." आणि दुसऱ्या दिवशी ती दुकानात आली.

मला तिसऱ्या मजल्यावर चढवताना हमालांनी काय काय शिव्या दिल्या ते मुलांसमोर सांगत नाही. स्वयंपाकघरामागच्या गॅलरीत माझी जागा ठरली. पहिलं धुणं झालं, आईने घट्ट पिळलेला टॉवेल हातात घेतला आणि गालाला लावला. तिचे डोळे भरून आले. ती म्हणाली, "भिंगरे, ही तुझी हो. उद्या तू कुठे वेगळी राहायला लागलीस की ही घेऊन जायची. आम्ही हात लावणार नाही."

"अर्थात," बाबा म्हणाले. "जिने घेतली तिची."

मी माझ्या कानांनी ऐकलंय, मित्रांनो. कान मला नाहीत हे मला माहीत आहे, पण ऐकलंय.

मग सुरू झाली माझी कामाची वर्षं. काय दिवस होते! बाबांच्या शर्टांना डिंकाचा वास, दादाच्या खिशात बसची तिकिटं आणि चुरगळलेले रुमाल, आईच्या कपड्यांना फोडणीचे डाग. आणि भिंगरीचे पांढरे कोट! त्यांच्या शिवणीशिवणीत प्लास्टर बसलेलं असायचं. एकदा ते माझ्या नळीत जाऊन घट्ट झालं आणि माझा श्वासच कोंडला. तेव्हापासून ती कोट आधी गच्चीवर नेऊन झटकायची आणि दर सुट्टीच्या दिवशी माझी जाळी स्वतः काढून साफ करायची. तेव्हा ती माझ्याशी गप्पा मारायची. "दम लागला का गं? थांब, आजचं एवढंच आहे."

एक गंमत सांगते. एकदा धुणं काढताना आईच्या हाती एक दाढ लागली. गुलाबी हिरडीसकट! आईने अशी किंकाळी फोडली की शेजारीण लाटणं घेऊन धावत आली. भिंगरी हसून हसून जमिनीवर बसली. मेणाचा नमुना होता तो, तिच्या कोटाच्या खिशात राहिलेला. बाबा नंतर कितीतरी दिवस जेवायला बसताना विचारत, "सगळ्यांचे दात मोजून घेतलेत ना?"

त्या काळात आई माझं तोंडभर कौतुक करायची. कोणी आलं की त्याला आधी गॅलरीत आणायची. "ही आमच्या लेकीची मशीन. पहिल्या पगारात घेतली." पुढे ती म्हणायला लागली, "ही आमची मशीन." मला त्यात काही वावगं वाटलं नाही. घरात रुळलं की माणसालाही आमचं म्हणतात.

एक दिवस मात्र मी धुणं अर्धवट टाकलं, आणि त्यात माझा दोष नव्हता. पोटात भिंगरीचे सगळे कोट होते, पाणी काठोकाठ होतं, आणि फिरता फिरता मी एकदम थांबले. दिवे गेले होते. शेजारणीचा रेडिओ मात्र चालू होता. भिंगरी खाली जाऊन मीटर पाहून आली, तेव्हा तिचा चेहरा उतरला होता. वीज गेली नव्हती, कापली होती. बिल कित्येक महिने भरलेलंच नव्हतं.

दादा घरी आला. तिने विचारलं. त्याने आधी कपाळाला हात लावला, मग खिसे चाचपले, जणू बिल तिथेच सापडणार होतं.

"अगं, राहूनच गेलं. या महिन्यात जरा ओढाताण आहे. बघतो मी."

"कोट ओले आहेत दादा. उद्या मी काय घालून जाऊ?"

"एवढं काय, एक दिवस साधे कपडे घाल!"

बाबा पेपरामागून म्हणाले, "भरेल तो. तू आत्ता भरून टाक, तुला देईल नंतर." भिंगरीने भरलं. ते 'नंतर' काही उजाडलं नाही. पुढच्या वेळी आईच हळूच म्हणाली की दादाचं लग्न ठरायचंय, त्याला चार पैसे साठवू दे, तू बघून घे ना. अशी वीजही भिंगरीच्या अंगावर आली. दादा फक्त दिवा लावायचा आणि पंखा फिरवायचा. आयत्या बिळावर नागोबा, दुसरं काय! पण भिंगरी कुरकुरली नाही. तिला वाटायचं, घर म्हटलं की वरखाली चालायचंच.

तिची स्वतःची एक मोठी इच्छा होती, आणि ती ऐकणारी पहिली मी होते. शहराच्या दुसऱ्या टोकाला एक मोठी प्रयोगशाळा होती. तिथे चिनी मातीचे, अगदी खऱ्यासारखे दिसणारे दात करायला शिकवत. भिंगरीला तिथे जागा देऊ केली होती. पण घरून जायचं म्हणजे अर्धा दिवस प्रवासातच गेला असता. तिची एक मैत्रीण तिथेच कामाला होती आणि जवळच एक खोली घेणार होती. माझ्या झाकणावर कोपरं टेकवून भिंगरी फोनवर तिच्याशी बोलायची.

"माझ्याकडे डिपॉझिटएवढे पैसे नाहीत गं. सगळा पगार इकडेच जातो."

तिकडून मैत्रीण काय म्हणाली ते मला ऐकू आलं नाही, पण भिंगरी एकदम उड्याच मारायला लागली. "चालेल! डिपॉझिट तू भर, मशीन मी आणते! अगं पिळूनसुद्धा देते ती, कपडे अर्धे वाळूनच येतात. हप्ते संपतच आले आहेत माझे."

ठरलं! मी तिच्या नव्या खोलीतला तिचा वाटा होणार होते. मित्रांनो, त्या दिवशी मी इतकी जोरात फिरले की गॅलरीतली कुंडी पडली. भिंगरीने आईलाही सगळं सांगितलं. आई भाजी निवडत होती. ती मान वर न करता म्हणाली, "बघू."

तेवढ्यात दादाचं लग्न झालं आणि त्याने वेगळा फ्लॅट भाड्याने घेतला. नवी वहिनी नर्स होती. मोकळ्या स्वभावाची, मोठ्याने हसणारी, मनात एक आणि ओठांवर एक असं तिचं नसायचंच. एका सुट्टीच्या दिवशी दोघं जेवायला आली. जेवण झाल्यावर हात धुवायला वहिनी गॅलरीत आली, मला पाहिलं आणि तिथूनच ओरडली,

"हीच ना ती? आई, बाबा, खरंच, किती मोठ्या मनाचे आहात हो तुम्ही! आमच्या रुग्णालयाचे कपडे हातांनी धुता धुता माझा जीव जातो. माझ्या आईला मी कालच सांगितलं, सासूसासऱ्यांनी आम्हाला मशीन दिली म्हणून."

भिंगरी तेव्हा ताटं उचलत होती. तिच्या हातातली ताटं तशीच राहिली. तिने आईकडे पाहिलं. आई ओटा पुसायला लागली. ओटा आधीच पुसलेला होता. तिने बाबांकडे पाहिलं. बाबांनी चष्मा काढला आणि काच पुसली. दादाने तर चपला शोधायलाच घेतल्या.

कोणीतरी बोलेल असं मला वाटत होतं. एक शब्द पुरला असता! "अगं, ही भिंगरीची आहे." एवढंच म्हणायचं होतं. भिंगरीने ताटं मोरीत ठेवली आणि वहिनीला म्हणाली, "सावकाश जा हं, जिन्यातला दिवा गेलाय." त्या मुलीने पाहुण्यांसमोर घराची लाज राखली. घराने मात्र तिची राखली नाही.

ती दोघं गेल्यावर ती बोलली.

"आई, तू दिलीस त्यांना? न विचारता?"

"त्यांचा नवा संसार आहे. घरात चमचा नाही धड. तू काय, कमावती आहेस. दुसरी घेशील."

"माझी खोली ठरलीय. तुला माहीत होतं!"

"एकटी मुलगी वेगळी राहून काय करणार आहेस? इथे काही कमी आहे का तुला? राहतेस, खातेस, पितेस. घरासाठी एवढं केलंस तर काय बिघडलं?"

"मग मी इतकी वर्षं काय करत होते आई?"

आई रडायला लागली. आई रडली की या घरातली भांडणं संपायची, मग बरोबर कोणीही असो. भिंगरी बाबांकडे वळली.

"बाबा, तुम्हीच म्हणाला होतात ना, जिने घेतली तिची?"

बाबांनी चष्मा पुन्हा नाकावर चढवला. मग जे बोलले ते ऐकून माझा पत्रा गार पडला.

"हे बघ, मी तुझ्याकडून आजवर एक पैसा तरी घेतलाय का? सांग! घेतलाय? मग घरातल्या वस्तूवर माझं-तुझं कशाला करतेस?"

पाहिलंत मित्रांनो? खरं तेच बोलले. पैसा त्यांनी घेतलाच नव्हता. तिने पाकीट पुढे केलं होतं, यांनी बोटाने परत सरकवलं होतं. सगळं घर वर्षानुवर्षं तिने धुतलेले कपडे घालून, तिने लावलेल्या दिव्याखाली बसलं होतं, आणि तिने दिलं असं म्हणायला कुणाच्या हातावर एक नाणंही पडलं नव्हतं. भिंगरी मोरीतली ताटं घासायला बसली. तिच्या जागी मी असते तर सगळं पाणी त्यांच्या अंगावर ओतलं असतं.

टेम्पो आला तेव्हा भिंगरी कामावर गेली होती. मुद्दामच तसा दिवस धरला असणार. हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवून आई खाली टेम्पोपर्यंत पोचवायला आली, आणि दादाला म्हणाली, "जपून वापरा रे." मला निरोप द्यायला जिने यायला हवं होतं ती प्लास्टर कालवत बसली होती. नंतर कानावर आलं की मैत्रिणीने काही दिवस वाट पाहिली आणि मग फ्रिज असलेल्या दुसऱ्या मुलीला खोलीत घेतलं. तिचं तरी काय चुकलं? मोठ्या प्रयोगशाळेतली ती जागाही दुसऱ्याच कुणाला मिळाली.

दादाच्या घरी मी थोडेच दिवस काम केलं. वहिनी मला नीट वापरायची, तिच्याबद्दल माझी तक्रार नाही. एक दिवस दारात दुकानाचा माणूस उभा राहिला. सोबत दोन हमाल.

"हप्ता थकलाय. मशीन न्यायला आलोय."

वहिनी चक्रावली. "कसला हप्ता? सासऱ्यांनी दिलीय ही आम्हाला."

"सासरे कोण ते मला माहीत नाही बाई. सही एका मुलीची आहे. दर महिन्याला स्वतः येऊन भरायची. या खेपेला येऊन म्हणाली, मशीन माझ्या घरात नाही, मी भरणार नाही, जिथे आहे तिथून उचला. हा पत्ता तिनेच दिला."

वहिनीने दादाकडे पाहिलं. दादाने खिसे चाचपले.

"दोनच तर राहिलेत," तो त्या माणसाला म्हणाला. "पुढच्या आठवड्यात भरतो ना!"

"साहेब, हे मी रोज ऐकतो."

"भिंगरीताईंची आहे ही?" वहिनीचा आवाज चढला. "आणि तुम्ही मला त्या दिवशी त्यांच्यासमोर आभार मानू दिलेत? माझ्या आईला काय सांगून बसले मी! तुम्हाला काहीच कसं वाटलं नाही?"

"घरातल्या घरात काय एवढं," दादा पुटपुटला.

"घरातल्या घरात? मग घरातल्या माणसाला विचारलंत का?"

हमालांनी मला उचललं. जिना उतरताना वरून वहिनीचा आवाज येतच होता. आणि मला, मित्रांनो, दोन गोष्टी एकदम वाटल्या. भिंगरीने बरं केलं, असं वाटलं. आणि भिंगरीने मलाही सोडलं, असंही वाटलं. "जिथे आहे तिथून उचला," म्हणाली. माझ्याबद्दल! जिची जाळी ती स्वतःच्या बोटांनी साफ करायची तिच्याबद्दल. राग तिचा खरा होता, पण त्या रागात मीही सापडले.

पुन्हा मी काकांच्या दुकानात, मागच्या अंधाऱ्या भागात, मोडक्या पंख्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिले. मनात एक आशा धरून होते. दोनच हप्ते राहिले होते. राग ओसरेल, ती येईल, दोन हप्ते टाकेल आणि मला घेऊन जाईल, जिथे कुठे राहात असेल तिथे.

ती आली नाही. एके दिवशी तिची आई आली.

चेहरा ओढलेला होता. हातातली पर्स तिने छातीशी धरली होती. "माझी मुलगी घर सोडून गेली," ती काकांना म्हणाली. "कुठेतरी लांब, एका खोलीत राहते. फोन केला तर धड बोलत नाही. मशीनवरून एवढं कोणी करतं का हो?" काकांनी हप्त्यांची वही पुढे ओढली. आईने पर्स उघडली आणि आतल्या कप्प्यातून घडी घातलेल्या नोटा काढल्या. तिने स्वतःच्या पोटाला चिमटा काढून साठवलेले पैसे होते ते, नोटांवरूनच कळत होतं. "राहिलेले दोन्ही हप्ते भरते मी. माझ्या पैशांनी. मशीन सोडवा."

माझं काळीज, जे काय माझ्यात आहे ते, धडधडायला लागलं. आई अखेर चूक निस्तरायला आली होती! काकांनी पैसे मोजले. त्यांनी चहा मागवला. मग पेन उचललं आणि विचारलं, "पाठवायची कुठे? मुलीच्या खोलीवर ना?"

आईने पर्सची चेन ओढली.

"नाही," ती म्हणाली. "मुलाकडेच पाठवा. सुनेसमोर त्याची मान खाली गेलीय."

असं मी दुसऱ्यांदा या घरी आले. इथेही एक गॅलरी आहे. पण वहिनीने मला हात लावला नाही. आजतागायत नाही. रुग्णालयातून दमून येते आणि बादलीत कपडे भिजवते. दादा म्हणतो, "मशीन आहे ना!" ती म्हणते, "ज्यांची आहे त्यांनी दिली तर वापरेन. नाहीतर तुम्ही धुवा." दादा धुवत नाही. तो माझ्यावर रद्दी ठेवतो.

एकदा वहिनीने माझ्याशेजारी उभं राहून भिंगरीला फोन केला. "ताई, पाया पडते, ही तुम्ही घेऊन जा. मी टेम्पो करून पाठवते." तिकडून उत्तर आलं, ते फोनमधून बाहेरही ऐकू आलं. आवाज तोच, पण त्यातली घाई गेली होती. "नको वहिनी. आईने सोडवून दिलीय ना ती दादाला? राहू दे त्याच्याकडे. मी हाताने धुते." वहिनीने फोन ठेवला आणि बादलीपाशी जाऊन बसली. कोट हाताने धुताना भिंगरीची बोटं आता आईच्या बोटांसारखी सुजत असतील. मी इथे कोरडी ठणठणीत उभी आहे.

आई अधूनमधून इथे येते. आली की रद्दी बाजूला सरकवून माझ्यावरून हात फिरवते. मागच्या खेपेला ती वहिनीला म्हणाली, "वापरत का नाहीस गं? माझ्या पैशांनी सोडवून आणलीय मी ही."

"दोन हप्ते भरलेत आई तुम्ही," वहिनी म्हणाली. "आधीचे कोणी भरले?"

आईने जराही विचार केला नाही. अगदी सहज, खोटं बोलण्याचा लवलेश नसलेल्या आवाजात ती म्हणाली, "आधीचे? आधीचे घरातूनच गेले की."

तर मित्रांनो, तुम्हीही मोठे व्हाल, शिकाल, कमवाल, आणि काही वर्षं आईवडिलांच्या घरीच राहाल. तेव्हा घराच्या ओझ्याला खांदा जरूर द्या, त्यासारखं सुख नाही. मी ते पाहिलंय. पण आज घरी गेलात की एक करा. घरातल्या एकेका वस्तूवर बोट ठेवा आणि ही कोणी आणली ते विचारा. कोणी "घराने आणली" असं म्हणालं, तर तिथे थांबू नका. घर काही हप्ते भरायला दुकानात जात नाही. जे माणूस गेलं असेल त्याचं नाव मोठ्याने घ्या, ते घरात आहे तोवर घ्या.